चार तासांचा क्लास आणि कमरेचं पिस्तूल : अमेरिकेतल्या आपल्या पोरांनी काय करावं?

सप्टेंबर २०२५ मध्ये टेक्सासमधल्या डॅलस शहरात मूळच्या कर्नाटकातल्या एका मोटेल व्यवस्थापकाचा त्याच्याच सहकाऱ्याने कोयत्याने खून केला. बायको आणि मुलाच्या डोळ्यांदेखत. ही बातमी आपल्याकडे दोन दिवस व्हॉट्सॲपवर फिरली आणि मग नेहमीप्रमाणे मागे पडली. तिकडे राहणाऱ्यांच्या डोक्यातून मात्र ती इतक्या सहज जाणारी नाही. मोटेल, पेट्रोल पंप, किराणा-बिअरचं दुकान चालवणारे बडोद्याकडचे लोक असोत की डॅलस-ऑस्टिनच्या सॉफ्टवेअर कंपन्यांतली आपली मुलं, अशा बातमीनंतर एक प्रश्न हमखास निघतो : आपणही एक पिस्तूल घेऊन ठेवावं काय? मग कुणीतरी सांगतं, एक क्लास असतो, चार तासांचा. तो केला की परवाना मिळतो, कपड्याखाली पिस्तूल लावून फिरता येतं.

शहापुरातल्या ओळखीच्या एका काकांनी परवा थेटच विचारलं, "पोरगं पिस्तूल घेणार म्हणायलंय. क्लासची फीपण भरलाय. काय सांगू त्याला?" काकांना द्यायचं उत्तर दोन वाक्यांत मावणारं नाही. कारण त्या क्लासमध्ये काय शिकवतात, यापेक्षा तो क्लास कुणासाठी आहे आणि त्यातून काय मिळत नाही, हे आधी कळायला हवं.

सुरुवात टेक्सासपासूनच करू. आज टेक्सास म्हटलं की प्रत्येकाच्या कमरेला पिस्तूल, अशी आपली समजूत असते. पण तिथेही १९९५ पर्यंत सामान्य माणसाला लपवून पिस्तूल बाळगायला कायद्याने मनाई होती. चित्र पालटलं ते १९९१ च्या एका घटनेने. १६ ऑक्टोबरला किलीन गावातल्या एका उपाहारगृहात एका माणसाने ट्रक घुसवला आणि गोळीबार करून २३ जणांना मारलं. तिथे जेवायला बसलेल्या सुझाना हप यांचं पिस्तूल कायद्याच्या भीतीने बाहेर गाडीत ठेवलेलं होतं. आई आणि वडील दोघंही त्यांच्यासमोर गेले. पुढे त्यांनी राज्यभर साक्षी दिल्या आणि १९९६ मध्ये त्या आमदार झाल्या. त्याआधी १९९५ मध्येच गव्हर्नर जॉर्ज बुश यांनी परवान्याच्या कायद्यावर सही केली होती. त्या कायद्यात एक अट होती : परवाना हवा तर १० ते १५ तासांचं प्रशिक्षण घ्यायचं, परीक्षा द्यायची, रेंजवर गोळ्या झाडून दाखवायच्या.

म्हणजे मूळ सौदा असा होता. सरकार तुमच्यावर विश्वास टाकतंय, तुम्ही शिकून या.

तो सौदा हळूहळू ढिला होत गेला. २०१३ मध्ये वर्गाचे तास चार ते सहावर आले. पुढे वर्गाचा भाग ऑनलाईन करायची सोय झाली. आणि १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या, कायद्याने अपात्र नसलेल्या माणसाला परवान्याचीच गरज उरली नाही. क्लास नाही, परीक्षा नाही, काही नाही. आज अमेरिकेच्या ५० पैकी २९ राज्यांत हीच स्थिती आहे. टेक्सासमध्ये परवाना अजून मिळतो, पण तो ऐच्छिक आहे.

दुसऱ्या टोकाला न्यू यॉर्क. तिथे १९११ पासून परवान्याचा कायदा आहे आणि 'मला विशेष कारण आहे' हे सिद्ध केल्याशिवाय पिस्तूल घेऊन फिरायचा परवाना मिळत नसे. २३ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती विशेष कारणाची अट रद्द केली. त्याच निकालात न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की पार्श्वभूमीची तपासणी आणि शस्त्रसुरक्षेचं प्रशिक्षण अशा अटी राज्यं ठेवू शकतात. न्यू यॉर्कने मग दोन-अडीच महिन्यांत नवा कायदा आणला : १६ तास वर्ग आणि वर दोन तास प्रत्यक्ष गोळीबार. इलिनॉयमध्येही १६ तास. म्हणजे शिकागोतल्या माणसाला दोन दिवस बसावं लागतं आणि ह्यूस्टनच्या माणसाला एक मिनिटही नाही. माणूस तोच, पिस्तूल तेच.

वर्गात होतं काय?

टेक्सासचाच नमुना घेऊ, कारण आपली बरीच मंडळी तिथेच आहेत. कायद्याने अभ्यासक्रम ठरवून दिलेला आहे : शस्त्रांचे आणि जीवघेण्या बळाच्या वापराचे कायदे, पिस्तूल हाताळण्याची सुरक्षितता, भांडण मारामारीविना मिटवण्याचे मार्ग, आणि पिस्तूल घरात कसं ठेवायचं, विशेषतः मुलांच्या हाती लागू नये म्हणून. यादी चांगली आहे. चार तासांत ती कितपत पोचते हे शिकवणाऱ्यावर आहे. काही प्रशिक्षक निवृत्त पोलीस असतात, जीव तोडून शिकवतात. काही जण पडद्यावर चित्रं दाखवून वेळ काढतात. आपल्याकडच्या ड्रायव्हिंग स्कूलचा अनुभव असणाऱ्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

मग रेंज. ५० गोळ्या, कागदी माणसाच्या आकृतीवर. २० गोळ्या तीन यार्डांवरून, २० सात यार्डांवरून आणि १० गोळ्या १५ यार्डांवरून. एकूण २५० गुण, पास व्हायला १७५. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची असते हे आठवलं की अंतराचा अंदाज येईल. तीन यार्ड म्हणजे नऊ फूट, समोरच्या खुर्चीत बसलेल्या पाहुण्याइतकं जवळ. कागद हलत नाही, ओरडत नाही, उलटी गोळी झाडत नाही. उजेड भरपूर असतो. मागे बायको-मुलं उभी नसतात. जॅकेटखालून, घाईत, थरथरत्या हाताने पिस्तूल उपसायची खरी वेळ या परीक्षेत येतच नाही.

आता याच्या शेजारी एक आकडा ठेवू. रँड या संशोधन संस्थेने २००८ मध्ये न्यू यॉर्क पोलिसांच्या गोळीबारांचा अभ्यास केला. १९९८ ते २००६ या काळात समोरून गोळीबार होत असताना पोलिसांनी झाडलेल्या गोळ्यांपैकी साधारण १८ टक्केच लागल्या. हे पगारी, महिनोन्‌महिने शिकलेले, नियमित सराव करणारे पोलीस. शंभरातल्या ऐंशीहून जास्त गोळ्या दुसरीकडे कुठेतरी गेल्या. मोटेलच्या ऑफिसात, दुकानाच्या काउंटरमागे ते 'दुसरीकडे' म्हणजे कोण, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

म्हणून क्लास निरुपयोगी आहे असं नाही. उलट त्या चार तासांतला सगळ्यात मोलाचा भाग गोळी झाडण्याचा नाहीच. कुठे पिस्तूल न्यायचं नाही, केव्हा उपसायचं नाही, हा आहे. टेक्सासमध्ये ज्या बारचं ५१ टक्के किंवा जास्त उत्पन्न तिथेच प्यायल्या जाणाऱ्या दारूचं असतं, तिथे लाल '५१%' पाटी असते आणि आत पिस्तूल नेणं गुन्हा ठरतो. शाळा, पोस्ट ऑफिस, केंद्र सरकारच्या इमारती, न्यायालयं वर्ज्य. खासगी मालकाने ठरावीक मजकुराची पाटी लावली असेल तर तिथेही नाही. हे नियम पाठ नसलेल्या माणसाला परवान्याविना पिस्तूल लावून फिरू देणं म्हणजे नवख्याला लायसन्स न बघता घाटात गाडी चालवायला देणं. चोर्ला घाटात पावसाळ्यात काय होतं ते आपण दरवर्षी बघतोच.

आणि जीवघेण्या बळाचा कायदा. टेक्सासचा कायदा इतर बऱ्याच राज्यांपेक्षा सैल आहे. काही परिस्थितींत, विशेषतः रात्रीच्या चोरीत, मालमत्तेसाठीसुद्धा गोळी झाडायला तो मुभा देतो. ऐकणाऱ्याला वाटतं, झालं, आता कुणी आवारात शिरलं तर बघून घेऊ. २०२३ च्या एप्रिलमध्ये मिसुरी राज्यात, कॅन्सस सिटीत, धाकट्या भावांना आणायला निघालेल्या १६ वर्षांच्या एका मुलाने चुकीच्या घराची बेल वाजवली आणि आतल्या ८४ वर्षांच्या म्हाताऱ्याने दारातूनच त्याला गोळ्या घातल्या. मुलगा वाचला. त्या म्हाताऱ्यालाही आपण स्वतःचं रक्षण करतोय असंच वाटत होतं. अमेरिकेत कातडीच्या रंगावरून कोण 'संशयित' दिसतो हे आपल्या लोकांना सांगायला नको. दाराच्या कोणत्या बाजूला आपण उभे असू, हे आपल्या हातात नसतं.

व्हिसावाल्यांनी आधी हे वाचावं

आता काकांच्या प्रश्नाकडे येऊ. त्यांचा मुलगा एच-१बी व्हिसावर आहे. आणि इथेच सगळ्या गप्पा थांबतात.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार तात्पुरत्या, म्हणजे बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला बंदी आहे. विकत घ्यायलाच नव्हे, ताब्यात ठेवायलासुद्धा. एच-१बी, एच-४, विद्यार्थ्यांचा एफ-१, आई-वडिलांचा बी-२, हे सगळे त्यात आले. शिक्षा २०२२ च्या दुरुस्तीनंतर १५ वर्षांपर्यंत कैद. टेक्सासने परवाना काढून टाकला, म्हणून केंद्राची ही बंदी उठत नाही. राज्याने दार उघडं ठेवलंय, पण आतल्या जिन्यावर केंद्राचं कुलूप आहे, आणि ते दाराबाहेरून दिसत नाही. दुकानदाराने विचारलं नाही, मित्राने खासगीत विकलं, रेंजवाल्याने पासपोर्ट बघितला नाही, तरी गुन्हा तो गुन्हाच.

याला अपवाद आहेत. सगळ्यात जास्त ऐकू येतो तो शिकारीच्या परवान्याचा. एखाद्या राज्याचा चालू मुदतीचा शिकार परवाना असेल तर व्हिसाधारकाला बंदूक बाळगता येते. त्यामुळे "हंटिंग लायसन्स काढ, काही होत नाही" असा सल्ला मित्रमंडळींत सर्रास मिळतो. कायद्यात हा अपवाद आहे, यात खोटं काही नाही. पण मुदत संपली की अपवादही संपतो, आणि घरातलं पिस्तूल दुसऱ्या दिवशी सकाळी गुन्ह्याचा पुरावा होतं. ज्याचं अख्खं आयुष्य एका कागदाच्या मुदतीवर टांगलेलं आहे, त्याने अशी दुसरी मुदत गळ्यात बांधून घ्यावी काय? निदान स्थलांतर कायद्याच्या वकिलाला पैसे देऊन विचारावं. क्लासच्या प्रशिक्षकाला नव्हे. त्याचा तो विषय नाही. वर्गात बसून कायदा ऐकायला काही अडचण नाही. रेंजवर पिस्तूल हातात घेतलं की मात्र ताबा आला.

ग्रीन कार्ड असेल तर गोष्ट वेगळी. त्याला पिस्तूल विकत घेता येतं, परवानाही मिळतो. पण नागरिक आणि ग्रीन कार्डवाला यांच्यातला एक फरक क्लासमध्ये क्वचितच सांगितला जातो. शस्त्रविषयक गुन्ह्यात दोषी ठरलेल्या ग्रीन कार्डधारकाला देशाबाहेर काढता येतं. नागरिक दंड भरून किंवा शिक्षा भोगून घरी जातो. याला बेळगावच्या, नाहीतर इंदूरच्या घरी यावं लागू शकतं.

त्यात राज्यांच्या सीमा. सीमेवर राहणाऱ्याला कायदा एका ओढ्यापलीकडे कसा बदलतो हे वेगळं सांगावं लागत नाही. टेक्सासचा परवाना न्यू यॉर्क मानत नाही, न्यू जर्सी मानत नाही. आणि आपली माणसं तर एडिसन-जर्सी सिटीकडे ढिगाने. २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनियाचा रीतसर परवाना असलेली एक महिला पूल ओलांडून न्यू जर्सीत गेली. पोलिसाने गाडी अडवल्यावर तिने प्रामाणिकपणे स्वतःहून सांगितलं, माझ्याकडे पिस्तूल आहे. तिला तिथल्या तिथे अटक झाली, तुरुंगवासाची टांगती तलवार राहिली, आणि शेवटी २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टी यांनी माफी दिली तेव्हा सुटका झाली. एका राज्याचा परवाना सगळ्या राज्यांनी मानावा असं विधेयक मार्च २०२५ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीने पुढे सरकवलं. त्याचे समर्थक ड्रायव्हिंग लायसन्सचं उदाहरण देतात. उदाहरण पटण्यासारखं आहे, फक्त ड्रायव्हिंगची परीक्षा सगळ्या राज्यांत असते. इथे २९ राज्यांनी परीक्षाच काढून टाकलीय.

घरात कोण कोण राहतं?

आपल्याकडून आई-वडील सहा महिन्यांसाठी नातवंडं सांभाळायला जातात. टिळकवाडीत, अनगोळमध्ये अशी घरं गल्लीगल्लीत सापडतील. त्या घरात पिस्तूल असेल तर ते कुठे ठेवलंय, भरलेलं आहे की रिकामं, पेटीला कुलूप आहे काय, हे विचारायला आजी-आजोबांना संकोच वाटतो. विचारावं. चार वर्षांच्या पोराला उशीखाली, ड्रॉवरमध्ये, गाडीच्या कप्प्यात हात घालायला किती वेळ लागतो? सुरक्षित न ठेवलेलं भरलेलं पिस्तूल १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं तर टेक्सासमध्ये तो पालकाचा गुन्हा आहे. आणि आजीने टेबलावरचं पिस्तूल 'नीट ठेवावं' म्हणून उचलून स्वतःच्या कपाटात ठेवलं, तर बी-२ व्हिसावरच्या आजीच्या ताब्यात शस्त्र आलं. हसण्यासारखं वाटेल, पण कायद्याची भाषा तीच आहे.

एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीने सुमारे ४६,७०० माणसं मेली. त्यातल्या जवळपास २७,३०० आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. पिस्तूल घेताना डोळ्यांसमोर चोर असतो, दरोडेखोर असतो. आकडेवारीत मात्र सगळ्यात जास्त वेळा मालक किंवा घरातलंच कुणीतरी असतं. नोकरी गेल्यावर साठ दिवसांत दुसरी शोधायची नाहीतर देश सोडायचा, अशा टांगणीवर असलेल्या, एकट्या राहणाऱ्या मुलाच्या खोलीत भरलेलं पिस्तूल असावं की नसावं, हा प्रश्न आई-वडिलांनी स्वतःला विचारायचा आहे. वाईट दिवस सगळ्यांवर येतात. तो निघून जाईपर्यंत हाताशी काय आहे, याने फार फरक पडतो.

आपल्याकडे तरी काय आहे? १९५९ चा शस्त्र कायदा परवाना देतो, पण तो मिळणं हक्काचं नाही. पोलीस अहवाल आणि जिल्हाधिकाऱ्यांची मर्जी लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि लग्ना-वरातीत हवेत गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. २०१६ च्या नियमांत परवान्यासाठी सुरक्षा प्रशिक्षणाची अट आहे, आणि सार्वजनिक जागी पिस्तूल होल्स्टरमध्ये, झाकूनच न्यायचं असंही आहे. म्हणजे कागदावर आपला नियम टेक्सासपेक्षा कडक. मात्र प्रशिक्षण प्रत्यक्षात कसं होतं, हे परवानाधारक ओळखीचा असेल तर त्यालाच विचारा. गंमत अशी की आपल्याच राज्यात कोडगूच्या कोडव समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना परवान्यातूनच सूट आहे. ती २०२९ पर्यंत वाढवलेली आहे आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती वैधही ठरवली. तिथे बंदूक घराण्याची असते, तिची पूजा होते, आणि ती कशी धरायची हे पोराला घरातला मोठा माणूस वर्षानुवर्षं शिकवतो. चार तासांत नव्हे.

बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र आहे. बँकेच्या दारात दुनळी घेऊन बसलेले माजी सैनिक आपण रोज बघतो. त्यांच्यापैकी कुणालाही विचारा, हत्यार हातात आल्यावर पहिले कित्येक दिवस काय केलं? उत्तर बहुधा असंच येईल : उघडा, साफ करा, रिकामं आहे ते दाखवा, परत ठेवा. गोळी फार नंतर.

काकांना सांगितलं ते एवढंच : मुलाला म्हणावं, फी गेली तर जाऊ दे, आधी व्हिसाचा वकील गाठ. दुकान सांभाळणाऱ्यांनी कॅमेरा, दुसरं दार, रात्रीच्या वेळी काउंटरला काच, रोकड कमी ठेवणं, यांवर आधी खर्च करावा. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असलेल्याने घ्यायचंच ठरवलं असेल तर सक्ती नसली तरी क्लास करावा, चार तासांवर थांबू नये, आणि पिस्तुलाच्या आधी कुलुपाची पेटी घ्यावी.

आणि एक शेवटचं, कारण गणपतीला आणि दिवाळीला बरेच जण घरी येतात. अमेरिकी विमानतळांवरच्या तपासणीत २०२४ मध्ये प्रवाशांच्या हातातल्या सामानात ६,६७८ बंदुका सापडल्या, बहुतेक भरलेल्या. बहुतेकांचं उत्तर एकच असतं, बॅगेत आहे हे विसरलो. बंदूक निदान जड असते, काडतूस बोटाएवढं. रेंजवर नेलेली बॅग तीच, भारतात येताना तीच, आणि परतताना गोव्याच्या नाहीतर बेंगळुरूच्या विमानतळावर तपासणीत तळाच्या कप्प्यातून एक जिवंत काडतूस निघतं. आपल्या शस्त्र कायद्यात परवान्याविना काडतूस बाळगणंही गुन्हा आहे. माहीत नसताना ते बॅगेत राहिलं होतं हे पटलं तर उच्च न्यायालयांनी असे गुन्हे रद्द केले आहेत, पण तोवर विमान गेलेलं असतं, पासपोर्ट अडकलेला असतो आणि सुट्टी कोर्टाच्या पायऱ्यांवर संपते. रेंजची बॅग वेगळी ठेवा, आणि निघायच्या आदल्या रात्री प्रवासाच्या बॅगेचे सगळे कप्पे उलटे करून झटका.